खिशातल्या रिव्हॉल्व्हरसाठी काडतुसाचा बोर निवडताना या चुका टाळा

ग्वाल्हेरमध्ये घरात परवान्याचे शस्त्र असणे ही नवलाची गोष्ट नाही. लष्कर भागातल्या जुन्या मराठी वाड्यांत आजोबांच्या काळापासूनचे शस्त्र वारसाने पुढच्या पिढीकडे आलेले असते, तर मुरार आणि थाटीपूरच्या वसाहतींत पेढीवरची रोकड घेऊन रात्री उशिरा घरी परतणारे लोक लहान रिव्हॉल्व्हरसाठी नव्याने अर्ज करतात. अशा परवानाधारकांना शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे प्राथमिक धडे मी बरीच वर्षे देत आलो आहे. या काळात माझी एक खात्री पटली आहे. बोराविषयीच्या, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाविषयीच्या, बहुतेक चुका गोळी झाडताना होत नाहीत. त्या त्याआधी, दुकानाच्या काउंटरवर, एकच आकडा उच्चारून काडतुसे मागताना होतात.

तो आकडा म्हणजे बत्तीस. आपल्याकडे सर्वसामान्य परवानाधारकाच्या हाती येणारे रिव्हॉल्व्हर बहुतेक वेळा .32 (इंच) बोराचेच असते. 9 मिलिमीटर, .38 आणि .455 हे बोर प्रतिबंधित वर्गात मोडतात आणि साध्या परवान्यावर ते मिळत नाहीत. म्हणून लहान रिव्हॉल्व्हर घेऊ इच्छिणाऱ्यापुढे प्रत्यक्षात.32 आणि .22 एवढेच दोन पर्याय उरतात. निवड इतकी मर्यादित असल्याने ती सोपी असेल असे वाटते, पण खरी अडचण तिथूनच सुरू होते.

‘बत्तीस’ हा आकडा म्हणजे काडतुसाचे पूर्ण नाव नव्हे

काही वर्षांपूर्वी मुरारचे एक काका सरावासाठी आले आणि चिंतेच्या स्वरात म्हणाले, “काडतुसे नवी आहेत, रिव्हॉल्व्हरही नवे आहे, तरी तीनदा चाप ओढला की एकदाच गोळी सुटते. रिव्हॉल्व्हर परत करू का?” मी त्यांना म्हटले, “काका, आधी डबी दाखवा.” डबीवर .32 एसीपी (ऑटोमॅटिक कोल्ट पिस्तूल) असे छापलेले होते आणि त्यांच्या रिव्हॉल्व्हरच्या नळीवर .32 एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) लाँग असे कोरलेले होते. विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने, दोघांनीही फक्त ‘बत्तीस’ एवढेच ऐकले होते.

ही दोन काडतुसे वेगवेगळ्या कामांसाठी जन्मली. एस अँड डब्ल्यू लाँग हे 1896 पासूनचे रिव्हॉल्व्हरचे काडतूस आहे. त्याच्या बुडाशी पूर्ण कडा असते, पुंगळी (दारू भरलेले पितळी नळकांडे) सुमारे 23 मिलिमीटर लांब असते आणि पुढे बहुधा सहा-साडेसहा ग्रॅम वजनाची शिशाची गोळी असते. एसीपी हे 1899 मधले, शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंगच्या पिस्तुलासाठी तयार झालेले काडतूस आहे. त्याची पुंगळी सुमारे 17 मिलिमीटरची, गोळी साधारण साडेचार ग्रॅमची आणि बुडाची कडा अर्धवट, म्हणजे पुंगळीच्या अंगाबाहेर जेमतेम आलेली असते. सरकारी कारखान्याचे ‘अशनी’ पिस्तूल हेच एसीपी काडतूस चालवते, आणि कानपूरच्या कारखान्याचे रिव्हॉल्व्हर एस अँड डब्ल्यू लाँग. दोन्ही सरकारी कारखान्यांची, दोन्ही ‘बत्तीस बोर’ म्हणून परवान्यावर नोंदलेली. त्यामुळे गोंधळ होणे स्वाभाविक आहे, पण तो क्षम्य नाही.

घातक भाग असा की, दोन्ही पुंगळ्यांची जाडी बुडाशी जवळपास सारखीच असल्याने एसीपी काडतूस पुष्कळ रिव्हॉल्व्हरांच्या घरात, म्हणजे काडतूस बसण्याच्या पोकळीत, अलगद बसते. ते बसले म्हणजे चालेल, असे माणसाला वाटते. प्रत्यक्षात त्याची तोकडी कडा घराच्या तोंडाशी नीट अडकत नाही, घोड्याच्या (चाप ओढल्यावर आदळणाऱ्या हातोडीच्या) ठोक्याने काडतूस आत सरकते आणि टोपीवर, म्हणजे बुडातल्या दारू पेटवणाऱ्या भागावर, पुरेसा आघात होत नाही. काकांच्या रिव्हॉल्व्हरची तक्रार नेमकी हीच होती. जे काडतूस सुटते ते त्याहून वाईट, कारण एसीपीसाठी मान्य असलेला कमाल दाब सुमारे 20,500 पौंड प्रति चौरस इंच आहे आणि लाँगसाठी तो 15,000 आहे. नव्या, भक्कम रिव्हॉल्व्हरने तो भार एखाद्या वेळी सोसला, तरी काडतुसे भरण्यासाठी मधून दुमडून उघडणाऱ्या जुन्या रिव्हॉल्व्हरचा सांधा अशाने सैल होतो, आणि आजोबांच्या काळातल्या शस्त्राची चक्री (काडतुसांची घरे असलेला फिरता भाग) फुटण्याचा धोका संभवतो.

म्हणून नियम एकच आहे: नळीवर किंवा सांगाड्यावर जे पूर्ण नाव कोरलेले आहे, तेच पूर्ण नाव डबीवर आणि प्रत्येक काडतुसाच्या बुडावर असले पाहिजे. आकडा हा केवळ घराण्याचे आडनाव आहे. .38 स्पेशल या काडतुसाची गोळी प्रत्यक्षात .357 इंच व्यासाची असते, यावरून आकड्यावर किती विसंबावे ते ध्यानात येईल.

याच कुटुंबात आणखी एक धाकटे काडतूस आहे, 1878 मधले .32 एस अँड डब्ल्यू, ज्याला लोक ‘शॉर्ट’ म्हणतात. ते लाँगच्या घरात सुरक्षितपणे चालते, मात्र उलटे चालत नाही. जुन्या रिव्हॉल्व्हरचे घर शॉर्टसाठी असेल तर लाँग काडतूस त्यात पूर्ण बसतच नाही, आणि ते बसवण्यासाठी घर कोरून घेण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच मानू नये. लाँगच्या रिव्हॉल्व्हरमध्ये शॉर्टचा बराच सराव झाला असेल, तर घराच्या आत काजळी आणि शिशाचे कडे जमते, आणि पुढच्या वेळी लाँग काडतूस अर्ध्यावर अडते. अशा वेळी अंगठ्याने रेटू नये. शस्त्र रिकामे करून प्रत्येक घर ब्रशने आणि द्रावकाने घासावे. दोष काडतुसाचा नसून मळाचा आहे, हे लगेच दिसून येते.

बावीसच्या बाबतीतही तोच घोटाळा, थोड्या वेगळ्या रूपात

वजन आणि धक्का कमी हवा म्हणून अनेक जण, विशेषतः आमच्याकडे शिकायला येणाऱ्या ताई आणि वयस्कर मंडळी, .22 कडे वळतात. इशापूरच्या रायफल कारखान्याने 2016 च्या सुमारास आणलेले ‘निडर’ हे त्याचे उदाहरण. त्याचे वजन सुमारे 250 ग्रॅम, म्हणजे पाव किलोच भरते. पण .22 मध्येही लाँग रायफल आणि मॅग्नम ही दोन भिन्न काडतुसे आहेत. पहिले 1887 मधले, दुसरे 1959 मधले. मॅग्नमची पुंगळी जाड असते, सुमारे 6.15 मिलिमीटर, तर लाँग रायफलची सुमारे 5.74. मॅग्नमच्या घरात लाँग रायफल ढिले बसते, सुटताना त्याची पुंगळी फुगते किंवा चिरते आणि गरम वायू मागे येण्याची शक्यता असते. फक्त ‘बावीस’ म्हणून डबी मागणे हे ‘बत्तीस’ मागण्याइतकेच अपुरे आहे.

मॅग्नम हे नाव ऐकून ते घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्या काडतुसातली दारू मूलतः रायफलच्या लांब नळीत जळण्यासाठी बेतलेली आहे. दोन इंचांच्या नळीत तिचा बराच भाग नळीबाहेर जळतो, त्यामुळे भडका आणि कानठळ्या वाढतात आणि वेग मात्र अपेक्षेइतका मिळत नाही. शिवाय .22 च्या दोन्ही प्रकारांत स्फोटक द्रव्य टोपीत नसून बुडाच्या कडेत पसरलेले असते. ते एखाद्या जागी कमी पडले की काडतूस सुटत नाही. मध्यभागी टोपी असलेल्या .32 पेक्षा हे प्रमाण जास्त असते. रिव्हॉल्व्हरमध्ये पुन्हा चाप ओढला की पुढचे घर समोर येते, ही जमेची बाजू खरी. पण भरवशाचा विचार केल्यास मी.32 लाच कौल देतो, आणि .22 फक्त अशांना सुचवतो ज्यांच्या मनगटाला .32 चा धक्का खरोखरच सोसत नाही.

हा धक्का किती असेल, हे बोराच्या आकड्यावरून ठरवणे हीसुद्धा चूकच आहे, कारण तो काडतुसाइतकाच शस्त्राच्या वजनावर अवलंबून असतो. कानपूरच्या ‘निर्भीक’चे वजन टायटॅनियमच्या मिश्रधातूमुळे सुमारे 500 ग्रॅम आहे, तर त्याच कारखान्यांच्या परंपरेतले 2023 चे ‘प्रबल’ सुमारे 700 ग्रॅमचे आहे. काडतूस तेच असले तरी हलके शस्त्र हातात जास्त उसळते. दुकानात रिकामे रिव्हॉल्व्हर तळहातावर तोलून ‘किती हलके आहे’ म्हणून खूश होणाऱ्याला मी नेहमी सांगतो की, हा हलकेपणा खिशाला सुखाचा आहे, मनगटाला नाही. उलटपक्षी, 700 ग्रॅमचे शस्त्र झब्ब्याच्या खिशात घातले तर खिसा लोंबतो आणि जगाला दिसतो. शस्त्र कमरेच्या पट्ट्यावर राहणार की खिशात, हे बोर ठरवण्याआधी ठरवावे. खिशात ठेवायचे असेल तर चाप झाकणारे म्यान हवेच, आणि त्या खिशात किल्ल्या किंवा नाणी असता कामा नयेत.

परदेशी व्हिडिओ पाहून बोर ठरवणारेही अलीकडे वाढले आहेत. अमेरिकेत खिशातल्या रिव्हॉल्व्हरसाठी .38 स्पेशल, .357 मॅग्नम आणि .327 फेडरल मॅग्नम यांची चर्चा असते. ती आपल्या परवान्याशी आणि आपल्या दुकानांशी जुळत नाही. त्यातले ‘जास्त ताकद तेवढे बरे’ हे तत्त्व तर आमच्या गल्ल्यांसाठी फारच धोक्याचे आहे. लष्कर भागातल्या दाट वस्तीत भिंतीला भिंत लागून घरे आहेत. पातळ दार किंवा प्लायवूडची आडभिंत.32 ची साधी शिशाची गोळीसुद्धा अडवेल असे धरून चालू नये. गोळीच्या मागे काय आहे, हा प्रश्न बोरापेक्षा मोठा आहे.

काडतूस योग्य असूनही दगा देते तेव्हा

चाप ओढला, ‘टक’ झाले आणि गोळी सुटली नाही, तर सरावाच्या वेळी नळी सुरक्षित दिशेलाच धरून किमान अर्धा मिनिट थांबावे. काही काडतुसे उशिरा पेटतात. लगेच चक्री उघडून डोकावणे किंवा पुन्हा चाप ओढून ते पेटते काडतूस बाजूला फिरवणे, ही दोन्ही कृत्ये जिवावर बेतू शकतात.

याहून फसवी गोष्ट म्हणजे नेहमीच्या आवाजाऐवजी आलेला ‘फस्स’ असा दबका आवाज. दारू कमी पडलेली किंवा ओलसर झालेली असेल तर गोळी नळीतच अडकते; .32 लाँगसारख्या मंद दाबाच्या काडतुसात ही शक्यता विसरता येत नाही. त्यानंतर दुसरी गोळी झाडली तर नळी फुगते. त्या क्षणी थांबावे, सगळी काडतुसे काढावीत, आणि लाकडी किंवा पितळी सळई आत घालून नळी मोकळी आहे की नाही ते पाहावे. गोळी अडकली असल्यास घरी ठोकाठोक न करता शस्त्र परवानाधारक कारागिराकडे द्यावे.

हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये क्वचित चक्रीच फिरेनाशी होते. धक्क्याने उरलेल्या काडतुसांतली एखादी गोळी पुंगळीतून पुढे सरकून चक्रीच्या तोंडाबाहेर येते आणि सांगाड्याला अडते. नवीन जातीची काडतुसे घेतली की पाच गोळ्या झाडून सहावे काडतूस बाहेर काढावे आणि त्याची लांबी न वापरलेल्या काडतुसाशेजारी धरून पाहावी. फरक दिसला तर ती काडतुसे त्या शस्त्राला योग्य नाहीत.

ग्वाल्हेरच्या उन्हाळ्याविषयी वेगळे लिहिणे भाग आहे. मे महिन्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो आणि बंद मोटारीत त्याहून बरीच जास्त उष्णता साठते. काडतुसे तिथे ठेवू नयेत. ती कातडी पट्ट्यातही महिनोन्‌महिने ठेवू नयेत, कारण कमावलेल्या कातड्यातल्या रसायनांमुळे पितळेवर हिरवा थर चढतो आणि काडतूस घरात चिकटते. शस्त्राला तेल दिल्यानंतर घरे कोरडी पुसून मगच काडतुसे भरावीत, नाहीतर तेल टोपीच्या फटीतून आत झिरपते. पावसाळ्यापूर्वी झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवलेली काडतुसे वर्षानुवर्षे चांगली राहतात.

आजोबांचे रिव्हॉल्व्हर ज्यांच्याकडे आहे त्यांना मी दोन गोष्टी कळकळीने सांगतो. त्याच्या नळीवरची अक्षरे झिजली असतील तर अंदाजाने काडतूस घेऊ नका. कारागिराकडून घराचे माप घेतल्याशिवाय त्यात काहीही भरू नका. आणि घोड्याला अडसर नसलेल्या जुन्या रचनेत घोड्याखालचे घर रिकामेच ठेवा, कारण असे शस्त्र हातातून फरशीवर पडले तर घोड्यावर बसलेला मार थेट टोपीपर्यंत पोहोचतो.

कायद्याच्या बाजूने पाहता, परवान्यावर नसलेल्या बोराची काडतुसे जवळ असणे हाही शस्त्र कायद्याखाली गुन्हा ठरतो, मग ती चुकून घेतलेली का असेनात. 2019 च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच शस्त्रे ठेवता येतात आणि लग्नात आनंदाने हवेत गोळीबार केल्यास 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतात. आमच्या चंबळ खोऱ्यात या दुसऱ्या तरतुदीची आठवण प्रत्येक लग्नसराईत करून द्यावी लागते, याचे मला दुःख वाटते.

दुकानात पैसे देण्याआधी डबी उघडून दोन-तीन काडतुसांची बुडे स्वतः वाचावीत, परवान्यावरची नोंद तिथेच उभे राहून तपासावी, आणि नोंदीत केवळ ‘.32’ न लिहिता पूर्ण नाव लिहिण्याची विनंती करावी. निवडणुकीच्या काळात शस्त्र ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करताना, काडतुसेही सोबत देत असाल तर त्यांची संख्या आणि पूर्ण नाव पावतीवर उतरवून घ्यावे, आणि शस्त्र परत घेताना ती काडतुसे एकेक करून पुन्हा वाचावीत.