शेतातील मातीच्या बांधाची तपासणी: मृगापूर्वी आणि भर पावसात

खानापूर तालुक्यातील ओढ्यांवर, तसेच बेळगाव, हुक्केरी, निपाणी भागातील शिवारांत स्वतःच्या जमिनीत मातीचा बांध घालून पाणी अडवलेले शेतकरी बरेच आहेत. धरण सुरक्षा कायदा, २०२१ हा १५ मीटरहून उंच धरणांना आणि १० ते १५ मीटर उंचीच्या, ठरावीक निकषांत बसणाऱ्या धरणांना लागू होतो. त्याहून लहान खासगी बांध या कायद्याबाहेर राहतात. तेथे तपासणीला कोणी आपणहून येत नाही, आणि बांध फुटून खालच्या अंगाचे शेत, घर किंवा रस्ता वाहून गेला तर लोक मालकालाच जाब विचारतात. म्हणून ही तपासणी मालकाने स्वतः, दरवर्षी मृग निघण्यापूर्वी करावी.

सुरुवात सांडव्यापासून, म्हणजे तळ्यातले जादा पाणी बांधाच्या बाजूने बाहेर सोडणाऱ्या वाटेपासून करावी. मातीच्या बांधावरून पाणी ओसंडू लागले की माती खालून वर धुपत जाते आणि काही तासांत भगदाड पडते. म्हणून येणारे सगळे पाणी सांडव्यातून गेलेच पाहिजे. सांडवा पुरेसा आहे का, याचा अंदाज घरी बसून काढता येतो. एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर पाणी. बांधाच्या वर ४० हेक्टर पाणलोट असेल, तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातले निम्मे पाणी वाहून आले, तर त्या तासात सुमारे १०,००० घनमीटर, म्हणजे सेकंदाला जवळजवळ पावणेतीन घनमीटर पाणी येईल. ते अर्धा मीटर खोलीने सोडायचे तर सांडव्याची रुंदी ५ मीटरच्या आसपास हवी, आणि त्या पाण्याच्या पातळीवर बांधाचा माथा आणखी निदान अर्धा ते एक मीटर उंच राहिला पाहिजे. खानापूर तालुक्यातील अतिपावसाच्या कणकुंबी-जांबोटीकडे जमीन आधीच भिजून तुडुंब झालेली असते. तेथे निम्मे नव्हे, बहुतेक सगळे पाणी वाहून येते असे धरून हिशेब करावा.

चांगला सांडवाही माणसेच बंद करतात. उन्हाळ्यासाठी हातभर पाणी जास्त मिळावे म्हणून तोंडाशी फळ्या किंवा वाळूच्या पिशव्या लावल्या जातात. मासे निसटू नयेत म्हणून जाळी ताणली जाते, तिच्यात पालापाचोळा आणि रानमोडीच्या फांद्या अडकतात आणि तासाभरात तिची भिंत होते. मासे गेले तर जाऊ द्यावेत. पावसाळ्यात सांडव्यावर जाळी ठेवू नये.

दुसरी गोष्ट पाझर. मातीचा बांध थोडाफार पाझरतोच, त्यामुळे ओल दिसताच घाबरण्याचे कारण नाही. पाहायचे ते दोन गोष्टींकडे: पाझर वाढतो आहे का, आणि पाणी गढूळ येते आहे का. पायथ्याशी लहानशी चारी काढून पाणी एका जागी आणावे, तेथे १० लिटरची बादली लावावी आणि ती किती सेकंदांत भरते ते तळ्यातील पाण्याच्या पातळीसह वहीत लिहावे. पातळी तीच असताना बादली लवकर भरू लागली, तर आत वाट रुंदावते आहे. तेच पाणी पारदर्शक काचेच्या बाटलीत भरून ठेवावे. तासाभराने तळाशी मातीचा थर बसला, तर पाण्याबरोबर बांधाची मातीही बाहेर येत आहे असे समजावे. चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले, तेव्हा गळतीच्या तक्रारी ग्रामस्थांनी आधीच केल्या होत्या असे वृत्तपत्रांतून छापून आले होते. बांधातून गेलेल्या पाइपाच्या भोवतीची जागा विशेष बारकाईने पाहावी, कारण पाइपालगत माती नीट दाबली जात नाही आणि पाणी तीच वाट धरते.

माथ्यावरची झुडपे लहान असतानाच काढावीत. मोठे झाड तोडले तर मुळे कुजून आत पोकळ्या राहतात. उतारावर हरळी राखावी, ती माती धरून ठेवते आणि गवत कापले की घुशींची, साळिंदरांची, खेकड्यांची बिळे दिसतात. बीळ वरवर बुजवू नये. शेवटापर्यंत खणून, थोडी ओली माती थराथराने चोपून भरावे. अथणी-रायबागकडील काळ्या मातीच्या बांधांना उन्हाळ्यात भेगा पडतातच. माथ्यावरील भेगेत चुना कालवलेले पाणी ओतून नंतर खणले की पांढऱ्या खुणेवरून तिची खोली कळते. भेग बांधाला आडवी, म्हणजे तळ्याकडून पायथ्याकडे जाणारी असेल, तर ती अधिक धोक्याची. पाण्याला तीत सरळ वाट मिळते.

गढूळ पाणी जोराने येऊ लागले, तर बाहेरच्या बाजूने चिकणमाती थापून तोंड बंद करण्याची धडपड करू नये. बहुतेक जण नेमके हेच करतात. पाणी कोंडले की ते दुसरीकडून फुटते. त्या जागेवर आधी जाड वाळू, तिच्यावर बारीक खडी, तिच्यावर मोठी खडी टाकावी, म्हणजे पाणी निघून जाईल पण माती अडेल. त्याच वेळी पाइपाची झडप उघडून किंवा पंप लावून पातळी उतरवावी. एरवी मात्र पातळी दिवसाला ३० सेंटिमीटरहून वेगाने उतरवू नये, कारण आतला ओला उतार आधार गेल्याने घसरतो. फुटीचा धोका समोर असेल तेव्हाच हा नियम बाजूला ठेवावा.

खालच्या वस्तीतील लोकांना याच्याही आधी कळवावे. त्यांचे फोन नंबर, पीडीओंचा (ग्रामपंचायत विकास अधिकाऱ्यांचा), तलाठ्याचा आणि जवळच्या जेसीबीवाल्याचा नंबर पावसाळ्यापूर्वीच एका कागदावर लिहून घरातील सर्वांना दाखवून ठेवावा. ११२ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करताना गाव, ओढा आणि खाली किती घरे आहेत हे प्रथम सांगावे. रात्री बांधावर एकट्याने जाऊ नये आणि ओल्या उतारावर उभे राहू नये. पाणी ओसरल्यावर ती जागा अभियंत्याला दाखवून, खणून, नव्याने थराथराने दाबून घेईपर्यंत तळे पुन्हा भरू देऊ नये. तोवर झडप उघडीच ठेवावी.