गटाने सायकली घेऊन गावाकडे निघताय? या चुका टाळा

पुण्याहून बोपदेव घाट चढून सासवड आणि तिथून सोनोरी किंवा कोडीत-नारायणपूर अशा आतल्या रस्त्यांनी आमची रविवारची राइड बरीच वर्षं चालू आहे. दहा-पंधरा जण असतात. काही जण घाट गप्पा मारत चढतात, काही जण पहिल्यांदाच वीस किलोमीटरच्या पुढे आलेले असतात. एखादी राइड बिघडली की मी घरी येऊन मुळाशी जाऊन बघतो आणि बहुतेक वेळा एकच सापडतं : सगळ्यात मागे असलेल्या माणसाचा विचार कुणीतरी सोडून दिलेला असतो. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

थांबलात, पण दमलेल्याला बसू दिलं नाही

घाटात गट ताणला जाणारच, त्यात चूक काही नाही. चूक होते ती माथ्यावर. पुढचे पोचतात, केळी खातात, फोटो काढतात, त्यांची चांगली दहा मिनिटं विश्रांती होते. मग शेवटचा धापा टाकत येतो आणि त्याने एक पाय जमिनीवर टेकवायच्या आत कुणीतरी म्हणतं, "चला, आले सगळे, निघू या." म्हणजे ज्याला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज, त्याच्या वाट्याला ती शून्य. पुढच्या टप्प्यात तो आणखी मागे पडतो. असं दोन-तीनदा झालं की पायात गोळे येतात आणि पुढच्या रविवारी तो माणूस दिसत नाही. आपण विचारलं तर म्हणतो, काम होतं.

आमच्याकडे आता थांब्याचं घड्याळ शेवटचा माणूस पोचल्यावर सुरू होतं. त्याने बसायचं, पाणी प्यायचं, आणि "चला" त्यानेच म्हणायचं.

दुसरी चूक फाट्यावरची. एकदा नारायणपूरहून परतताना पुढचे सगळे एका फाट्यावर वळले आणि मागे राहिलेल्या एक काकू सरळ गेल्या. फोनला रेंज नव्हती. तासाभराने त्या एका वस्तीवर सापडल्या. तिथल्या आजींनी त्यांना ओट्यावर बसवून चहा दिला होता. त्या खुशीत होत्या, माझ्या मात्र त्या तासात घशाखाली पाण्याचा घोट उतरला नव्हता. राइड मी नेत होतो आणि फाट्यावर माणूस उभा करायला मी विसरलो होतो. तेव्हापासून नियम असा : वळण आलं की पुढच्यांपैकी एकाने तिथे थांबायचं आणि सगळ्यात मागचा सायकलस्वार डोळ्यांनी दिसेपर्यंत हलायचं नाही.

मागे राहणारा, म्हणजे स्वीप, हाही नीट निवडा. जो सर्वांत हळू चालवतो तो आपोआप स्वीप ठरतो, असं अनेक गटांत होतं. ते चुकीचं आहे. तिथे दमदार माणूस हवा, ज्याला पंक्चर काढता येतं, ज्याच्याकडे पंप आहे आणि ज्याला "जोर लावा, जोर लावा" असं न म्हणता शेजारून शांतपणे सायकल चालवता येते.

ट्यूब बदलली, काटा तसाच

पुरंदरच्या आतल्या रस्त्यांवर बाभळीचे काटे ठरलेले. ट्यूब काढली, नवी घातली, हवा भरली, दोन किलोमीटरवर परत बसली, हे मी कितीतरी वेळा पाहिलंय. काटा टायरमध्येच असतो. जुन्या ट्यूबमध्ये हवा भरून भोक शोधा, मग व्हॉल्व्ह जुळवून ट्यूब टायरला लावून बघा, काट्याची जागा कळते. टायरच्या आतून बोट फिरवू नका, रुमाल फिरवा. काटा असेल तिथे कापड अडकतं.

भोकं वाचायलाही शिका. एकच बारीक भोक असेल तर काटा. शेजारी शेजारी दोन चिरा असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमवर चिमटली. तिथे काटा शोधण्यात वेळ घालवू नका, हवा नीट भरा. भोक आतल्या, रिमकडच्या बाजूला असेल तर रिमवरची पट्टी सरकलेली आहे, ती बसवल्याशिवाय नवी ट्यूबही टिकणार नाही.

ट्यूब ज्याची त्याने आणायची. एकाची चाकं सातशे मापाची, दुसऱ्याची सव्वीस इंची, उसनी ट्यूब उपयोगी पडेलच असं नाही. शिवाय बारीक, लांब प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर गावातल्या सायकल दुकानातला पंप त्याला लागत नाही. छोटासा पितळी अडॅप्टर खिशात ठेवा.

घाटाच्या दोन्ही बाजूंच्या चुका

चढ लागल्यावर, पायावर पूर्ण जोर असताना गिअर बदलला की चेन कडकड करते, कधी उतरते. चढ दिसला की आधीच बदला. चेन उतरलीच तर पॅडलवर ताकद लावू नका. मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग, हाताने पुढे ढकला, चेन सैल होते, दात्यांवर बसवता येते.

उताराला मी जास्त घाबरतो. चढताना मागे पडलेले लोक उतारावर वेळ भरून काढायला बघतात. त्यांना चढाच्या आधीच सांगून ठेवा की कुणी वाट बघून वैतागलेलं नाही. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही. दोन्ही ब्रेक वापरायचे, सतत घट्ट धरून ठेवायचे नाहीत आणि दोन सायकलींत भरपूर अंतर सोडायचं. सपाटीवरसुद्धा आपलं पुढचं चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाशेजारी नेऊ नका. तो जरा बाजूला सरकला की पडता तुम्ही.

गावाचा रस्ता हा गावाचा असतो

पंधरा जणांची लांब रांग केली तर एसटीला पुढे जायला जागाच उरत नाही. पाच-सहा जणांचे तुकडे करा, मध्ये गाडी शिरेल एवढं अंतर ठेवा. "मागून गाडी", "खड्डा", "थांबतोय" हे ओरडून मागे पोचवा. मागच्याला पुढचा रस्ता दिसत नसतो. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आला तर सरळ खाली उतरून उभे राहा, मागची ट्रॉली वळणावर आत येते. सुगीत रस्त्यावर पसरलेल्या धान्यावरून सायकल नेऊ नका. चाक घसरतं हा भाग वेगळा, ते कुणाच्या तरी घरचं वर्षाचं खाणं असतं. कुत्रं अंगावर आलं तर उतरा आणि सायकल मध्ये ठेवून चालत पुढे व्हा.

पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. बागा रस्त्याला लागूनच आहेत. फळ तोडू नका, मालकाला हाक मारा. "काका, एक किलो मिळतील का?" असं विचारलं की किलोच्या वर दोन हातात मिळतात, हा माझा अनुभव. टपरीवर अचानक पंधरा मिसळी सांगितल्या तर मावशींची धांदल उडते आणि रोजचे गिऱ्हाईक ताटकळतात. अर्धा तास आधी फोन करा. सासवडला कऱ्हेकाठच्या संगमेश्वराच्या दगडी पायऱ्यांवर क्लीटचे, म्हणजे पॅडलमध्ये अडकणारे, बूट घालून जाऊ नका, घसरतातही. आणि नदीवर धुणं धुणाऱ्या बायकांचे फोटो, न विचारता, अजिबात नाही.

तारीख ठरवताना पंचांग बघा. ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुण्याहून सासवडला निघते त्या दिवशी दिवे घाट वारकऱ्यांचा असतो. सोमवती अमावास्येला जेजुरीचा खंडोबा कऱ्हेवर स्नानाला येतो, तेव्हा आदल्या रविवारपासूनच त्या बाजूला गर्दी वाढते. पौर्णिमेला नारायणपूरच्या दत्ताला रांगा लागतात. अशा दिवशी दुसरी वाट धरा.

खाण्याचं थोडक्यात : भूक लागायच्या आधी खा. एका बाटलीत लिंबू, मीठ, साखर घाला, नुसतं पाणी पीत राहू नका. हात-पाय थरथरायला लागले, बोलणं तुटक झालं तर तो माणूस उपाशी आहे असं धरा. गुळाचा खडा द्या, सावलीत बसवा, वीस मिनिटं कुणीही घड्याळ बघू नका. गुडघा पुढून दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखत असेल तर वर. अर्धा सेंटिमीटर बदलून बघा.

परतल्यावर कोंढव्यातून जो तो आपापल्या दिशेने पांगतो आणि तिथे राइड संपली असं समजलं जातं. दमलेला माणूस शहराच्या रहदारीत एकटा असतो, खरं तर तेव्हाच धोका जास्त. आम्ही दर वेळी घराकडे एकाच वाटेने जाणाऱ्यांच्या जोड्या लावतो. शेवटच्या माणसाचा "पोचलो" असा मेसेज येईपर्यंत राइड नेणाऱ्याने फोन बाजूला ठेवायचा नसतो.