लॅपटॉपवर फुगणारं विश्व: सातारा-सांगलीतून सुरुवात करताना

अतिशीत अणूंच्या वायूत फुगणाऱ्या विश्वाची नक्कल करता येते. तशा प्रयोगशाळेसाठी पुण्याच्या आयसरसारख्या विज्ञान संस्थेकडे पाहावं लागतं. पण बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षी सांगलीत बसूनही या विषयाचं गणित साध्या लॅपटॉपवर चालवता येतं. जॅमची (एमएस्सीच्या प्रवेशपरीक्षेची) तयारी वेगळी; हे तिच्याऐवजी नाही.

बोस-आइन्स्टाइन संघनितात, म्हणजे सगळे अणू एकाच लहरीसारखे वागतात अशा अतिशीत वायूत, प्रकाशाची भूमिका ध्वनी करतो. अणूंमधली परस्परक्रिया एक-चतुर्थांश केली की ध्वनीचा वेग निम्मा होतो. लहरीच्या हिशेबाने विश्व दुप्पट झालं, वायू मात्र जागचा हललेला नाही. हायडेलबर्गच्या गटाने 2022 मध्ये पोटॅशियम-39 वर चुंबकीय क्षेत्र बदलून हेच केलं. त्याआधी 2018 मध्ये अमेरिकेत सोडियम अणूंच्या वायूचं कडंच खरोखर फुगवलं होतं.

आता कोड. पायथॉनमध्ये एकमितीय ग्रॉस-पिटाएव्स्की समीकरण (संघनिताची लहर काळानुसार कशी बदलते ते सांगणारं) घ्या. प्लँकचा स्थिरांक (2π ने भागलेला), वस्तुमान आणि g (अणूंमधल्या परस्परक्रियेची ताकद) गुणिले घनता, तिन्ही 1 धरा. कड्याची लांबी 200, बिंदू 1024, कालपायरी 0.01, अणू एक लाख. फूरिए पद्धतीत (लहरींत फोड करून सोडवताना) कड्याची दोन टोकं आपोआप जोडली जातात. नमपाय या पायथॉन-संचाचं एफएफटीफ्रीक (fftfreq) हे फंक्शन तरंगांक 2π शिवाय देतं. तो गुणायचा राहिला की ध्वनीचा वेग चुकतो. म्हणून आधी घनतेला बारीकसा उंचवटा देऊन वेग 1 येतो का ते मोजा.

खरी गोची पुढे. विश्व फुगताना कण जन्मायला हवेत, पण नुसतं हे समीकरण चालवलं तर काहीच निर्माण होत नाही, कारण एकसारखा वायू एकसारखाच राहतो. कण जन्मतात ते निर्वाताच्या थरथरीतून, म्हणून प्रत्येक लहरीत सरासरी अर्ध्या क्वांटमचा यादृच्छिक गोंगाट भरावा लागतो. तो सुट्या अणूंच्या लहरींत भरला तर फसायला होतं: g न बदलताही वर्णपट (कोणत्या लहरीत किती कण, तो आलेख) हलू लागतो. गोंगाट बोगोलियुबोव लहरींतच (परस्परक्रिया धरून येणाऱ्या, संघनिताच्या स्वतःच्या लहरींत) भरा, आणि g स्थिर ठेवून एकदा तपासा.

मग g असं उतरवा की g गुणिले घनता 1 वरून 0.25 वर येईल, 10 एकक वेळात. तरंगांक 0.3 च्या खालच्याच लहरी वाचा. त्याहून मोठ्या तरंगांकाला ध्वनी प्रकाशासारखा वागत नाही. दर वेळी नवा गोंगाट घेऊन कोड चालवा आणि निदान 200 धावांची सरासरी घ्या. दर दहा धावांनी फाइल जतन करा. वीज सांगून जात नाही.

वर्णपटात चढउतार दिसले तर ती साखारोव आंदोलनं (सुरुवातीच्या विश्वातल्या ध्वनिलहरींसारखे चढउतार), शिकागोत सीझियमवर 2013 मध्ये मोजलेली. आलेख खरखरीत आला तर धावा वाढवा. नितळ, विनाचढउतार आला तर g फार सावकाश उतरवलंय.