अंतिम सामन्यात मारका बचाव समोर आला की : नव्या चढाईपटूंसाठी

पुणेरी पलटणने प्रो कबड्डीचे तीन अंतिम सामने खेळले. 2022 मध्ये जयपूरकडून 33-29 अशी हार, 2024 मध्ये हैदराबादला हरयाणा स्टीलर्सवर 28-25 असा विजय आणि 2025 मध्ये दिल्लीकडून पुन्हा 31-28 अशी हार. तिन्ही वेळा फरक तीन-चार गुणांचा. साखळी फेरीत समोरच्याला पंधरा-वीस गुणांनी धुणारे संघही अंतिम सामन्यात एकेका गुणासाठी झगडतात, कारण तिथवर आलेल्या संघाचा बचाव कच्चा नसतो. पुण्यात सणस मैदानावरच्या जिल्हा स्पर्धेतही हेच दिसतं, बालेवाडीतही हेच.

चढाई कशी करायची, दम कसा घालायचा, हे इथे सांगत बसत नाही. ते येत नसेल तर अंतिम सामन्याची चिंता करायला अजून वेळ आहे. हे लिखाण त्यांच्यासाठी, जे पहिल्यांदा अंतिम सामन्यात उतरणार आहेत आणि ज्यांच्यासमोर धडक मारून खेळणारा बचाव उभा राहणार आहे.

बचाव दोन जातींचे असतात. एक तुमच्या चुकीची वाट बघतो. दुसरा वाट बघत नाही, पहिल्या दहा सेकंदांतच अंगावर येतो. कोपरारक्षक घोट्यावर झेपावतो, कव्हर, म्हणजे कोपऱ्याच्या आतल्या बाजूला उभा असलेला गडी, आतून बाहेर धडक देतो आणि उरलेले वरून पडतात. नव्या पोरांना वाटतं, यांना गुण हवाय. गुण हवाच असतो, पण सुरुवातीच्या पाच-सात चढायांत त्यांना त्याहून मोठी गोष्ट हवी असते. तुम्ही त्यानंतर निदान रेषेच्या, म्हणजे चढाईत ओलांडावीच लागते त्या रेषेच्या, पुढे पाय टाकायला बिचकावं, ही.

आता सापळा. हा नीट समजून घ्या, कारण चांगले चांगले चढाईपटू इथेच अडकतात आणि सामना संपला तरी त्यांना कळत नाही की हार कुठून सुरू झाली.

धडक बसून तुम्ही बाद झालात, तर नुकसान एका गुणाचं. थोडा वेळ बाहेर बसाल, आपल्या संघाने समोरचा गडी बाद केला की उठून परत याल. इथवर काही बिघडलेलं नाही. बिघडतं ते परत आल्यावर. आता तुम्ही निदान रेषा जेमतेम ओलांडता, एक-दोनदा हात फिरवता आणि परत येता. पंच रिकामी चढाई देतात. बाकावरून कोणी ओरडत नाही, कारण तुम्ही बाद झालेला नाहीत. पुढची चढाई दुसरा गडी करतो, त्यानेही तुम्हाला बसलेली धडक पाहिलेली असते, तोही रिकामा परत येतो. रिकाम्या चढाया संघाच्या मोजल्या जातात, एकट्या गड्याच्या नाहीत. मग येते तिसरी, निर्वाणीची चढाई. हात रिकामा आला तर चढाईपटू बाद, हे समोरच्या सातही जणांना माहीत असतं. तुम्हाला आत यावंच लागणार, म्हणून ते दोन पावलं मागे सरकतात, कोपरे उघडे ठेवल्याचं नाटक करतात आणि कव्हर तयारीत राहतो. सामन्यातली सगळ्यात जोरदार धडक याच चढाईत बसते. गुण जातो, भीती दुप्पट होते, परत दोन रिकाम्या, परत तिसरी. हे चक्र दोनदा फिरलं की तीन-चार गडी बाहेर बसलेले असतात आणि लोण, म्हणजे अख्खा संघ बाद होणं, समोर दिसत असतो. लोणाचे दोन गुण वेगळे. एका धडकेचा एक गुण असा सहा-सात गुणांचा होतो, आणि अंतिम सामना तर तीन-चार गुणांनी जातो.

हे पुन्हा सांगतो, कारण ऐकताना सोपं वाटतं आणि मैदानात कोणालाच आठवत नाही. रिकामी चढाई सुरक्षित नसते, ती उधारी असते. समोर मारका बचाव असेल तर ही उधारी दुसऱ्याच चढाईत फेडायची, तिसरीवर ढकलायची नाही. समोर सहा किंवा सात गडी असतील तर दुसऱ्या चढाईत बोनसला जा, म्हणजे निदान रेषेपुढची बोनस रेषा ओलांडून एक गुण घ्या. बोनस मिळाला की चढाई यशस्वी धरली जाते आणि मोजणी पुन्हा शून्यावर येते. बोनस घेऊन पकडले गेलात तरी तुमचा एक गुण टिकतो, त्यांना एक मिळतो. मात्र बोनसने आपला बाद गडी उठत नाही, हे विसरू नका. बाहेर चार जण बसलेले असताना बोनसवर बोनस घेत राहणारा चढाईपटू गुणफलकावर बरा दिसतो, एवढंच.

समोर चार किंवा पाच जण असतील तर बोनस नाही, पण अव्वल पकडीचे (तीन किंवा कमी गड्यांनी केलेल्या पकडीचे) दोन गुणही त्यांना नाहीत. मैदान मोकळं असतं. अंगावर जायची खरी वेळ ही. नवखे नेमके इथे जपून खेळतात आणि समोर सात असताना शौर्य दाखवतात. तीन किंवा कमी उरले की मारका बचावही शहाणा होतो आणि थांबून खेळतो, कारण पकड झाली तर त्याला दोन गुण. तिथे घाई केलीत तर तुम्ही त्यांना सामन्यात परत आणाल.

भीती घालवायचं सांगून भीती जात नाही. ‘घाबरू नको रे, घुस’ हा प्रत्येक मंडळातल्या दादांचा आवडता सल्ला. त्यातले निम्मे दादा स्वतः कव्हरला खेळलेले असतात, त्यांना काय जातंय. भीती कमी होते ती धडक कधी येणार हे आधी दिसायला लागल्यावर, आणि ते दिसतं. साखळीत उभ्या असलेल्या कव्हरकडे बघा. त्याचा एक हात शेजारच्याच्या हातात गुंतलेला असतो. धडक द्यायला त्याला खांदा आणि दोन्ही हात मोकळे लागतात, म्हणून निघण्याआधी तो हात सोडतो. बोटं आधी ढिली पडतात, मग मागच्या पायाची टाच उचलली जाते, मग अंग येतं. बोटं ढिली पडल्यापासून अंग येईपर्यंत तुम्हाला एक पाऊल मिळतं. जास्त नाही, पण एक पाऊल पुरतं. कोपरारक्षकाच्या डोळ्यांत बघत चढाई करणाऱ्याला हे कधीच दिसत नाही. नजर कव्हरच्या हातावर ठेवा, कोपरा डोळ्याच्या कडेने दिसतो.

ते एक पाऊल कुठे टाकायचं, हे तुम्ही मध्यरेषेपासून किती लांब आहात त्यावर ठरतं. पुरुषांच्या मैदानात निदान रेषा मध्यरेषेपासून 3.75 मीटरवर, बोनस रेषा त्यापुढे एक मीटर, म्हणजे 4.75 वर. मध्यम उंचीचा गडी हात लांब करून पालथा पडला तर साधारण सव्वादोन मीटर पोचतो. म्हणजे मध्यरेषेपासून दोन मीटरच्या आत धडक बसली तर उभं राहायचा हट्ट नको, रेषेच्या दिशेने पडा आणि हात टाका. त्याहून आत असाल तर पडणं म्हणजे शरणागती, तिथे पायावर राहायचं. मुलींचं मैदान 12 बाय 8 चं, निदान रेषा 3 मीटरवर आणि बोनस 4 वर. तिथे हात टाकून सुटायची संधी जास्त असते, आणि मुली तिचा पुरेसा फायदा घेत नाहीत असं माझं मत आहे.

आत असताना धडक येते ती बहुतेक वेळा आतून बाहेर, म्हणजे तुम्हाला बाजूच्या रेषेपलीकडे लोटायला. कोपऱ्याला हात मारायला तुम्ही लॉबीला, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्टीला, समांतर पळता, अंग ताठ आणि भार बाहेरच्या पायावर, तेव्हा तुम्ही कव्हरला हवे तसे उभे असता. लॉबीला समांतर पळू नका. कोपऱ्याकडे तिरकं जा आणि परतताना मध्यरेषेकडे तिरकं या. धडक लागलीच तर बाहेरचा पाय रुंद टाका, गुडघा वाकवा, छाती न देता खांदा द्या. एक गोष्ट नवख्यांना हमखास ठाऊक नसते. स्पर्शाआधी लॉबीत पाय गेला तर बाद, पण झटापट सुरू झाली की ती एक मीटरची लॉबी तुमचीच असते. धडक हाही स्पर्शच. त्यामुळे लॉबीत ढकलले गेलात म्हणून अंग सोडून देऊ नका. शरीराचा काही भाग आतल्या जमिनीला टेकलेला आहे तोवर झटापट चालू आहे. पंचांची शिट्टी वाजेपर्यंत हात मध्यरेषेकडे ओढत राहा. सोडवून घेतलंत तर ज्या ज्या गड्याने हात लावला, तो तो बाद. मारक्या बचावाची दुखरी नस हीच. ते तीन-तीन, चार-चार जण एकदम येतात आणि सुटला तर सगळे जातात. हैदराबादच्या त्या अंतिम सामन्यात पलटणच्या पंकज मोहितेने एकाच चढाईत चार गुण आणले. 28-25 मधून ते चार काढून बघा.

म्हणून अशा बचावासमोर हुलकावणीचं मोल मोठं. बोनसला पाय टाकल्याची हूल द्या, कोपरा झेपावला की पाय मागे घ्या आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून निघा. दोनदा असं झालं की कोपरारक्षक कव्हरकडे वळून बघायला लागतो, आणि त्यांचा ताळमेळ तिथून बिघडतो.

दम. छातीवर धडक बसली की आवाज तुटतो. तो पूर्ण तुटला तर हात रेषेला लागूनही उपयोग नाही. छाती गच्च भरून आत जाऊ नका, भरलेल्या छातीवर दणका बसला की सगळी हवा एकदम निघते. निम्म्याहून थोडी जास्त हवा, बारीक पण स्पष्ट ‘कबड्डी’, आणि धडक लागताना शब्द जोरात. याचा सराव होतो. एक जोडीदार, मागे जाड गादी, तो खांद्याने धक्का देतो आणि तुम्ही शब्द तुटू देत नाही. पहिला आठवडा उभ्याने, दुसरा चालत, तिसरा पूर्ण वेगात, दर वेळी दहा-बारा धक्के. त्याहून जास्त नको, शेवटच्या धक्क्यांना पाय चुकीचे पडायला लागतात आणि तीच सवय लागते. जोडीदार तुमच्याहून पाच-सात किलोंनी जड असलेला बरा. आणि पूर्ण वेगातला सराव सामन्याच्या चार दिवस आधी बंद.

डुबकीबद्दल. मोबाइलवर प्रो कबड्डीतला चढाईपटू प्रदीप नरवालची डुबकी, म्हणजे वाकून बचावाच्या हातांखालून निसटणं, बघून प्रत्येक जण महिनाभर तीच घोटतो. उभ्या साखळीखालून निघायला ती झकास आहे. मारका बचाव वाकून खेळतो, त्याच्याखालून निघायला जागाच नसते आणि तुमची मान त्यांच्या गुडघ्यांसमोर येते. आधी साधं मागे सरकणं शिका, पाठ न दाखवता, पायात पाय न घालता. ते दिसायला काहीच नाही, म्हणून कोणी शिकत नाही.

समोरच्या संघाची उपांत्य लढत बघायला मिळाली तर बघा, ती बहुधा त्याच मैदानावर असते. वडापावच्या गाडीवर वेळ घालवू नका. पाहायचं एवढंच: कोणता कव्हर पहिला निघतो, तो बोनसवर येतो की परतीच्या वेळी, डाव्या कोपऱ्याची पकड घोट्याला आहे की मांडीला, आणि शेवटच्या पाच मिनिटांत कोण दमतो. डावा कोपरा त्यांचा, तुमच्यासाठी तो उजव्या हाताला, ही गफलत घाईत होते.

मातीवर खेळून आलेल्यांनी मॅटपासून सावध राहावं. मातीवर धडक बसली की पाय घसरतो आणि जोर निघून जातो. मॅटवर बूट चिकटतो, वरचं अंग फिरतं आणि मधला गुडघा पिळवटतो. पलटणच्या अस्लम इनामदारसारखा तयारीचा कर्णधारही 2024 च्या हंगामात गुडघ्याने बाहेर बसला. मॅटवर टाच टेकवून वळू नका, चवड्यावर राहा. गुडघ्याला पट्टा बांधला म्हणजे काम झालं असं समजणाऱ्यांना काय सांगावं. मांडीच्या मागच्या स्नायूंचा व्यायाम दोन-तीन महिने आधीपासून लागतो. सामन्याआधी वेदनाशामक गोळी घेऊन उतरणं तर निव्वळ मूर्खपणा. दुखणं कळलंच नाही तर थांबणार कसे?

वजनाचंही तेच. वरिष्ठ पुरुषांत मर्यादा 85 किलोंची. त्यासाठी दोन दिवस पाणी तोडून आलेला गडी दुसऱ्या डावात पोटरी धरून बसतो. सामन्याच्या अडीच-तीन तास आधी वरण-भात किंवा पोहे, तासभर आधी एखादं केळं, पाण्यात मीठ-साखर. नखं कापलेली असू द्या, पंच तपासतात. अंगाला तेल नको.

डोक्याला मार लागला तर वेगळा विचार. गरगरणं, उलटीची भावना, गुण किती झाले हे न आठवणं, यातलं काहीही असेल तर त्या दिवशीचा खेळ संपला, मग अंतिम सामना असो की आणखी काही. तोंडावर पाणी मारून परत पाठवणारा प्रशिक्षक कितीही मोठा असला तरी त्याचं ऐकू नका, डॉक्टरकडे जा. खांदा आणि बरगडीचा ठणका मात्र घाबरण्यासारखा नसतो. श्वास घेताना टोचत नसेल तर दुसऱ्या दिवशी बरा वाटतो. पहिली धडक सगळ्यांनाच लागते, आणि ती बसल्यावर बहुतेकांना वाटतं की आपण समजत होतो तेवढी काही ती भयंकर नाही. त्याच क्षणी दम खाऊन परत या, पंचांशी वाद घालू नका. पिवळं कार्ड म्हणजे दोन मिनिटं संघ एक गडी कमी घेऊन खेळणार, आणि मारक्या संघाला तेवढी दोन मिनिटं पुरतात.

शेवटचं मिनिट, तुम्ही एका गुणाने पुढे, चढाई तुमची. आधी बाकाकडे बघून विचारा, ही कितवी. पहिली किंवा दुसरी असेल तर निदान रेषा स्पष्ट ओलांडा, पंचांना दिसेल अशी, आणि तीस सेकंद पुरे वापरून परत या. तिसरी असेल तर शेवटच्या सेकंदापर्यंत थांबू नका. पहिल्या दहा सेकंदांत, ते अजून जागा घेत असतानाच, जवळच्या कव्हरच्या सुटलेल्या हातावर हात मारा.