डेंटल चेअरच्या नळ्यांतलं पाणी: क्लिनिकमध्ये नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

एअरोटर (दात कोरणारं यंत्र), स्केलर (दातांवरचा थर काढणारं यंत्र) आणि थ्री-वे सिरिंज (पाणी-हवा फवारणारी) यांना पाणी पोचवणाऱ्या नळ्या आतून जेमतेम दोन-तीन मिलिमीटरच्या असतात. एवढ्या अरुंद नळीत भिंतीलगतचं पाणी जवळजवळ हलतच नाही, आणि रात्रभर, रविवारभर तर सगळंच थांबलेलं. पाण्यातले साधे जीवाणू भिंतीला चिकटतात, भोवती बुळबुळीत आवरण तयार करतात आणि तिथून सुटून पाण्यात येत राहतात. हीच बायोफिल्म. नवी चेअरही यातून सुटत नाही.

म्हणून रुजू झाल्यावर ‘चेअरला पाणी पुरवणाऱ्या बाटलीत कोणतं पाणी भरता?’ एवढंच विचारून थांबू नका. ‘नळ्यांना औषध (जंतुनाशक) कोणतं, किती दिवसांनी?’ हेही विचारा. बऱ्याचदा उत्तर मिळतं, ‘आम्ही आरओचंच वापरतो.’ त्याने क्षार साचत नाहीत, हे खरं. पण आरओत नळाच्या पाण्यातलं उरलंसुरलं क्लोरीनही जातं आणि बायोफिल्मला रान मोकळं मिळतं. डिस्टिल्ड वॉटरचंही तेच. चेअर थेट गच्चीवरच्या टाकीला जोडलेली असेल, तर औषध घालायला सोयीची जागाच नसते; आधी स्वतंत्र बाटली बसवून घ्या. ती रोज संध्याकाळी रिकामी करून उलटी वाळत ठेवायची. उरलेल्या पाण्यात नवं ओतत राहण्याची सवय मोडा, आणि बाटलीत उतरणाऱ्या नळीला हात लावू नका.

प्रत्येक रुग्णानंतर २० ते ३० सेकंद पाणी-हवा सोडायची असते. हँडपीस (एअरोटरसारखं हातात धरायचं उपकरण) थांबताना आत ओढली गेलेली लाळ आणि रक्त त्याने बाहेर पडतं, बायोफिल्म मात्र जागची हलत नाही. सकाळी पाच मिनिटं नळ सोडला की झालं, हा समज सोडून द्या.

बायोफिल्मसाठी औषध दोन प्रकारे लागतं: रोजच्या पाण्यात सौम्य मात्रेत (चांदीच्या आयनांच्या गोळ्या, हायड्रोजन पेरॉक्साइड वगैरे) आणि अधूनमधून जोरदार, म्हणजे शॉक. कोणतं रसायन चालेल ते चेअरचं मॅन्युअल ठरवतं. हायपोक्लोराइट (क्लोरीनचं ब्लीच) चालत असेल, तर सुमारे ५ टक्क्यांच्या द्रावणाचा १ भाग आणि पाण्याचे ९ भाग घ्या. शेवटचा रुग्ण गेल्यावर सगळे हँडपीस काढा, नाहीतर ते गंजतात. क्लोरीनचा वास येईपर्यंत एकेक नळी चालवा. न वापरलेल्या स्केलरची नळी इथेच विसरली जाते आणि मग तीच बाकीच्यांना घाण पुरवते. १० मिनिटं थांबा. रात्रभर ठेवलं तर जास्त स्वच्छ होईल असं वाटतं, पण धातूचे जोड खराब होतात. मग बाटली धुऊन साध्या पाण्याने वास जाईपर्यंत प्रत्येक नळी धुवा आणि शेवटी रिकामी बाटली लावून हवेने पाणी काढून टाका. जुन्या चेअरला पहिला शॉक दिला की थराचे तुकडे सुटतात आणि एअरोटरचा फवारा तुंबतो. नळ्या नीट धुतल्याशिवाय हँडपीस लावू नका.

अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या २००३ च्या मार्गदर्शनानुसार साध्या उपचारांच्या पाण्यात मिलिलिटरमागे ५०० सीएफयूपेक्षा (सीएफयू म्हणजे वाढून वसाहत करू शकणारे जीवाणू मोजण्याचं एकक) जास्त जीवाणू नकोत. शस्त्रक्रियेला हे पाणी मुळीच नको. निर्जंतुक सलाइन निर्जंतुक सिरिंजने द्या, कारण चेअरच्या बाटलीत सलाइन ओतलं तरी ते त्याच नळ्यांतून येतं. जॉर्जियात २०१५ मध्ये आणि कॅलिफोर्नियातल्या अनाहाइममध्ये २०१६ मध्ये पल्पोटॉमी (दाताच्या आतला किडका गर काढण्याचा उपचार) झालेल्या मुलांना मायकोबॅक्टेरियम ॲब्सेसस या जीवाणूचा संसर्ग झाला, तो याच पाण्यातून. इटलीत २०११ मध्ये लीजनेला या पाण्यातल्या जीवाणूच्या संसर्गाने दगावलेल्या ८२ वर्षांच्या महिलेच्या बाबतीतही माग डेंटल चेअरपर्यंतच पोचला.

पाण्याच्या तपासणीत फसगत लॅबमध्ये होते. ‘पाणी तपासा’ एवढंच सांगितलं तर लॅब बहुधा कोलिफॉर्म आणि ई. कोलाय (सांडपाणी मिसळल्याची खूण असणारे जीवाणू) पाहते आणि ‘पिण्यायोग्य’ असा रिपोर्ट देते. त्याचा बायोफिल्मशी फारसा संबंध नाही. ‘हेटेरोट्रॉफिक प्लेट काउंट, आर२ए अगार, २० ते २८ अंश, ७ दिवस’ असं लिहूनच द्या; म्हणजे पाण्यातले साधे जीवाणू आर२ए नावाच्या माध्यमावर वाढवून मोजायचे. ३७ अंशांवर दोन दिवसांत हे सावकाश वाढणारे जीवाणू पुरेसे दिसत नाहीत. नमुन्याच्या निर्जंतुक बाटलीत सोडियम थायोसल्फेट (क्लोरीन निष्प्रभ करणारं रसायन) हवं, नाहीतर उरलेलं क्लोरीन वाटेतही जीवाणू मारत राहतं आणि आकडा खोटा चांगला येतो. नमुना बर्फावर ठेवून २४ तासांच्या आत पोचवा. खर्च वाचवायला सगळ्या नळ्यांचं पाणी एकत्र केलं तर एक वाईट नळी सरासरीत लपते. सुरुवातीला दर महिन्याला तपासा. सलग दोनदा ५०० च्या आत आलं की तीन महिन्यांनी एकदा पुरे. नापास झालेल्या नळीला पुन्हा शॉक द्या आणि पुन्हा नमुना घ्या. तरीही आकडा उतरत नसेल, तर नळी बदलून घ्या.