आधी रक्त, मग स्नायू, शेवटी हाड

व्यायामाचं शरीरक्रियाशास्त्र, म्हणजे व्यायामात शरीर आतून कसं चालतं ते शास्त्र, हा विषय बी.पी.एड.ला (शारीरिक शिक्षणाच्या पदवीला) येणाऱ्या बहुतेक मुलामुलींना जड जातो. पुस्तकं इंग्रजीत, आकृत्या हृदयाच्या कप्प्यांच्या, आणि वर्गातले कितीतरी जण बारावीपर्यंत कला शाखेचे. मीही कला शाखेतूनच आले. पण यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी पहाटे पोलीस भरतीच्या मुलामुलींना पळवायला लागले, तेव्हापासून माझं ठाम मत आहे की मैदानावर उभं राहणाऱ्याला सगळ्यात जास्त उपयोगी पडतो तो हाच विषय. तो कुठून आणि कसा धरायचा, ते नव्याने येणाऱ्यांसाठी लिहिते आहे.

सुरुवात भरतीच्या मैदानापासूनच करू, कारण विदर्भातल्या खेड्यात तुमच्याकडे येणारी पहिली मुलं तीच असतात. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800. शिवाय दोघांनाही 100 मीटर आणि गोळाफेक. एकूण गुण 50, त्यातले 20 लांब धावेचे. मुलाला ते पूर्ण 20 हवे असतील तर 5 मिनिटं 10 सेकंदांत यावं लागतं, म्हणजे 400 मीटरच्या चार फेऱ्या, प्रत्येकी साधारण 77 सेकंदांत. गावातला तयारीचा पोरगा पहिली फेरी 68 सेकंदांत मारतो आणि तिसऱ्या फेरीत पाय शिशाचे होतात. बघणारे म्हणतात, जिद्द कमी पडली. जिद्दीचा इथे संबंध नाही.

स्नायूत तयार ऊर्जा दोन-तीन सेकंदांपुरतीच असते. क्रिएटिन फॉस्फेट या स्नायूतल्या राखीव इंधनाचा साठा आणखी काही सेकंद चालतो. 100 मीटरची धाव मुख्यतः त्यावर निघते. त्यापुढे ग्लुकोज ऑक्सिजनशिवाय फुटतं: ऊर्जा झटपट मिळते, पण एका ग्लुकोजमागे फक्त 2 एटीपी (एटीपी म्हणजे पेशी खर्च करते ती ऊर्जेची सुटी नाणी). तेच ग्लुकोज ऑक्सिजनच्या मदतीने पूर्ण जळलं तर 30 ते 32 एटीपी. ऑक्सिजनची ही वाट पूर्ण जोमात यायला मिनिट-दीड मिनिट लागतं. पहिली फेरी जोरात मारणारा पोरगा ती यायच्या आतच ऑक्सिजनशिवायची वाट पिळून काढतो, स्नायूत आम्लता वाढते आणि आकुंचन मंदावतं. पाच मिनिटांच्या पूर्ण ताकदीच्या धावेत पाचातले चार हिस्से ऊर्जा ऑक्सिजनच्या वाटेने येते. म्हणून 1600 मीटरची तयारी ही दमसासाची तयारी आहे. आठवड्यातलं बरंचसं पळणं शेजारच्याशी बोलता येईल इतकं सावकाश हवं आणि वेगाच्या फेऱ्या आठवड्यातून एक-दोनदा पुरतात. पांदण रस्त्याने रोज छाती फुटेस्तोवर पळणाऱ्या मुलाला हे पटवणं सोपं नसतं, पण ते पटवणं हेच तुमचं काम.

ऑक्सिजनशिवाय ग्लुकोज फुटताना तयार होणाऱ्या लॅक्टिक आम्लाबद्दल (लॅक्टेटबद्दल) एक गैरसमज कॉलेजातून बाहेर पडलेल्यांच्याही डोक्यात घट्ट बसलेला असतो. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या लॅक्टिक आम्लामुळे नाही. लॅक्टेट तासाभरात रक्तातून निघून जातं, आणि हृदय तर ते इंधन म्हणून वापरतं. 24 ते 72 तासांनी येणारं दुखणं हे स्नायूतंतूंना झालेल्या बारीक इजेचं असतं. उतारावर पळालं की ते जास्त येतं.

आता मूळ मुद्दा. सराव सुरू केला की शरीर सगळीकडून एकदम बदलत नाही. प्रत्येक भागाची आपली चाल असते आणि ती चाल ओळखणं हीच या विषयाची खरी कमाई आहे.

सगळ्यात आधी रक्त. पहिल्या आठवडा-दोन आठवड्यांतच रक्तातलं पाणी, म्हणजे प्लाझ्मा, दहा टक्क्यांच्या आसपास वाढतो. हृदयाकडे परतणारं रक्त वाढतं आणि प्रत्येक ठोक्यामागे बाहेर पडणारंही वाढतं. हे समजायला आडॉल्फ फिक या शरीरशास्त्रज्ञाने 1870 साली मांडलेलं तत्त्व पाठ करू नका, मांडून बघा: शरीर मिनिटाला किती ऑक्सिजन वापरतं, तर हृदयाने मिनिटात ढकललेलं रक्त गुणिले स्नायूंनी त्यातून काढून घेतलेला ऑक्सिजन. बसलेल्या माणसाचं हृदय ठोक्याला 70 मिलिलीटर रक्त ढकलतं. मिनिटाला 70 ठोके धरले तर झाले जवळपास 5 लिटर. जोरात पळताना 110 मिलिलीटर आणि 190 ठोके, म्हणजे 21 लिटर. सरावाने ठोक्यांची कमाल मर्यादा वाढत नाही, वाढतं ते एका ठोक्यातलं रक्त. मुरलेल्या धावपटूत ते 180 ते 200 मिलिलीटरपर्यंत जातं, म्हणून त्याची बसलेली नाडी पन्नाशीच्याही खाली असू शकते. एवढं कळलं की अर्धं पुस्तक सोपं होतं.

माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी नाडी मोजायला शिकवते. अंगठ्याच्या रेषेत मनगटावर दोन बोटं ठेवायची, अंगठा लावायचा नाही कारण त्याला स्वतःची नाडी असते. सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी पूर्ण मिनिटभर मोजायची आणि वहीत लिहायची. महिन्या-दीड महिन्यात आकडा खाली यायला लागतो. एखाद्या सकाळी तो नेहमीपेक्षा आठ-दहाने चढा दिसला तर झोप झालेली नसते, ताप येऊ घातलेला असतो, नाहीतर आदल्या दिवशी सोयाबीन सोंगायला गेलेला असतो. त्या दिवशी पळवायचं नाही. महागड्या घड्याळाची गरज पडत नाही.

मग स्नायू. इथे बदल आठवड्यांच्या हिशोबाने होतात. 1967 साली जॉन होलोझी यांनी उंदरांना बारा आठवडे पळवून दाखवलं की त्यांच्या स्नायूंची ऑक्सिजन वापरायची क्षमता जवळपास दुप्पट झाली, कारण पेशींतली मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणारी केंद्रं, वाढली. सोबत केशवाहिन्याही वाढतात. मात्र सगळ्यांचं सारखं वाढत नाही. 'हेरिटेज' या अभ्यासात माणसांना 20 आठवडे एकसारखा सराव दिला, तर काहींची ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता मिनिटाला लिटरभर वाढली आणि काहींची जवळपास तिथेच राहिली. सरावात प्रामाणिक असलेला मुलगा मागे पडला तर त्याला कामचुकार म्हणायच्या आधी हे आठवा.

शेवटी हाड आणि कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. गावाकडची बहुतेक तयारी इथेच मोडते. ताण पडला की हाड आधी थोडं झिजतं आणि मग नव्याने भरून येतं, भरून यायला तीन-चार महिने लागतात. दम मात्र दीड महिन्यातच पुरायला लागलेला असतो. मग पोरगी येऊन सांगते, "दम त पुरते मॅडम, पण नडगी लय दुखते." तिला धुऱ्यावर बसवून मी एका बोटाने नडगीच्या आतल्या कडेवरून वरून खाली दाबत येते. दुखणं वीतभर पसरलेलं असेल आणि अंग तापल्यावर कमी होत असेल तर पळणं निम्म्यावर आणायचं, डांबरी सोडून मातीवर यायचं. पण बोटाच्या टोकाएवढ्या एकाच जागी ती दचकली, किंवा रात्री पडल्या पडल्याही ठणका लागत असेल, तर पळणं त्याच दिवशी बंद. हाडाला बारीक तडा असू शकतो आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांत तो एक्स-रेत दिसत नाही, म्हणून स्वच्छ एक्स-रे पाहून निश्चिंत होऊ नये. प्रशियाच्या सैन्यातले डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी कूच करणाऱ्या सैनिकांच्या दुखऱ्या पावलांचं वर्णन 1855 सालीच केलं होतं, आणि तीच गोष्ट आजही भरतीची जाहिरात निघाल्यावर घाईने पळायला लागलेल्या मुलांत दिसते. जाहिरातीची वाट बघू नका, सहा महिने आधी सुरू करा, हे मी दर वर्षी सांगते.

दोन गोष्टी जीव तोडून सांगायच्या आहेत. पहिली मुलींची: हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन वाहणारा घटक. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे 1.34 मिलिलीटर ऑक्सिजन वाहतं. 100 मिलिलीटर रक्तात ते 13 ग्रॅमऐवजी 9 असेल तर तेवढ्याच रक्तातून जवळपास एक तृतीयांश ऑक्सिजन कमी पोचतो, आणि कितीही पळवली तरी ती मुलगी 800 मीटरमध्ये हिरमुसणारच. सरावाच्या सुरुवातीला प्लाझ्मा वाढल्यामुळे आकडा थोडा पातळ दिसतो हे खरं, पण 12 च्या खाली गेलेला आकडा त्या नावाखाली सोडून देऊ नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घ्या, लोहाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने. जेवणात हिरवी भाजी आणि वरणावर लिंबू, आणि जेवणावर लगेच चहा नको. चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही.

दुसरी गोष्ट मुलामुली दोघांचीही: सिकलसेल, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होणारा आनुवंशिक आजार. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर आणि आमच्याकडेही अनेक समाजांत तो आहे. एकाच पालकाकडून जनुक आलेले, ज्यांना आपण एएस म्हणतो, ते बहुतेक वेळा व्यवस्थित पळतात. पण उन्हात, पाणी कमी पिऊन, अचानक पूर्ण ताकदीने पळवलं तर ते कोसळू शकतात. पायात गोळा आल्यावर पोटरी दगडासारखी घट्ट होते. सिकलसेलमुळे कोसळताना मात्र पाय फक्त गळून जातात, आणि मुलगा शुद्धीवर राहून म्हणतो की चालवत नाही. तेव्हा उठवून पळवणं जिवावर बेतू शकतं. सावली, पाणी आणि थेट दवाखाना. दोन्हीकडून जनुक आलेल्या एसएस मुलाला डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय पळवूच नका. सरावाच्या आधी सगळ्यांची तपासणी करून घ्या, सरकारी दवाखान्यात ती होते.

उन्हाबद्दल थोडं. एक लिटर घाम वाळताना अंगातली साधारण 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, पण तो वाळला तरच. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो तरी हवा कोरडी असते आणि सगळे सावध असतात. खरी फसगत होते ती मृगाच्या पहिल्या पावसानंतर. गारवा वाटतो, मुलं जोर करतात, पण दमट हवेत घाम नुसता गळतो आणि शरीर थंड होत नाही. उष्णतेची सवय व्हायला 10 ते 14 दिवस लागतात: घाम लवकर सुटायला लागतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. धावता धावता कोणी झोकांड्या द्यायला लागला किंवा भलतंच बोलायला लागला तर गाडीची वाट बघत बसू नका. कपडे सैल करून पाण्याच्या मोटारीच्या पाइपाखाली धरा, आधी अंग थंड करा आणि मग दवाखान्यात न्या.

शिक्षणाचं थोडक्यात. पदवीनंतर बी.पी.एड. दोन वर्षांचं, मग एम.पी.एड. (पदव्युत्तर) आणखी दोन वर्षं. कॉलेजात शिकवायचं तर पुढे नेट किंवा सेट ही प्राध्यापकांची पात्रता परीक्षा. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून आहे आणि त्यांच्या पथकाने 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मल्लखांबासारखे देशी खेळ दाखवले होते. विदर्भातल्या मुलांना घराजवळ एवढी जुनी परंपरा आहे. प्रशिक्षक व्हायचं असेल तर 1961 साली सुरू झालेल्या पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा पदविका अभ्यासक्रम बघा. प्रयोगशाळेतलं काम, म्हणजे खेळाडूंची ऑक्सिजन क्षमता मोजणं वगैरे, आवडत असेल तर बारावीला जीवशास्त्र सोडू नका. तिथे विज्ञानाची पदवी लागते. शाळांतल्या जागा फार निघत नाहीत हे स्पष्ट सांगते. पण जवळपास प्रत्येक तालुक्यात भरतीच्या अकादम्या आहेत आणि शरीर समजणारी माणसं तिथे फार कमी आहेत.

कॉलेज निवडताना प्रयोगशाळेत आत जाऊन बघा आणि यंत्रांवर विद्यार्थ्यांना हात लावू देतात का ते वरच्या वर्गातल्या मुलांना विचारा. देत नसतील तर हार्वर्ड स्टेप टेस्ट स्वतः करा: 20 इंच उंचीची पायरी, मिनिटाला 30 चढ-उतार, पाच मिनिटं, आणि नंतर नाडी किती वेगाने खाली येते ते मोजायचं. शाळेच्या ओसरीची पायरी कमी उंच असली तरी चालेल, फक्त दर वेळी तीच पायरी घ्या आणि तुमचे आकडे पुस्तकातल्या आकड्यांशी न ताडता तुमच्याच मागच्या महिन्याच्या आकड्यांशी ताडून बघा.