हिरवं पाणी 'साफ' करू नका: सांडपाण्याच्या तळ्याची निगा

गावात ऑक्सिडेशन पाँड, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारं उघडं तळं, सुरू झाला की पाणी हिरवं झाल्याची तक्रार हमखास येते. मग कुणीतरी मोरचूद टाकतं, शेवाळ मरतं आणि काही दिवसांत तळं वास मारू लागतं. कारण या तळ्याचा ब्लोअर, म्हणजे पाण्यात हवा सोडणारं यंत्र, म्हणजे ते शेवाळच. जिवाणू मैला खातात, त्यांना प्राणवायू लागतो. त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड, अमोनिया आणि फॉस्फेट शेवाळ घेतं आणि उन्हात प्राणवायू परत देतं. दुपारी शेवाळाचा वेग जिवाणूंच्या पुढे जातो, पाण्यातला कार्बन डायऑक्साइड संपत येतो आणि पीएच (पाणी आम्ल की अल्कधर्मी याचं माप) ९च्या वर चढतो. मैल्यातले रोगजंतू मरण्याचं हे एक मोठं कारण.

आकार काढताना सगळ्यात थंड महिन्याचं सरासरी तापमान धरा. २० अंशांना हेक्टरी रोज सुमारे २५० किलो बीओडी (मैला कुजवायला जिवाणूंना लागणारा प्राणवायू, म्हणजेच घाणीचं माप) झेपतो, २५ अंशांना ३५०. माणशी रोज ४० ग्रॅम बीओडी धरला तर २,००० वस्तीचा भार ८० किलो, म्हणजे २० अंशांना ३,२०० चौरस मीटर जागा. खोली दीड मीटर. मीटरभराहून उथळ ठेवलं तर तळातून गवत, लव्हाळा उगवतो आणि डासांची सोय होते. लांबी रुंदीच्या दुप्पट-तिप्पट, वाऱ्याच्या दिशेने. सांडपाणी मात्र वाऱ्याच्या उलट वाहील असं सोडा.

उन्हाळ्याच्या तोंडावर तळं साध्या पाण्याने भरा, मग सांडपाणी थोडं थोडं वाढवत न्या. साधं पाणी नसेल तर सांडपाण्यानेच भरून तीन-चार आठवडे तसंच ठेवा. शेवाळ आपोआप येतं, विकत आणावं लागत नाही.

बाहेर जाणारं पाणी पृष्ठभागावरून घेऊ नका. भर उन्हात शेवाळाचा थर थोडा खाली सरकतो आणि तोंड त्याच थरात असलं तर शेवाळच वाहून जातं. तोंड सुमारे ६० सेंटिमीटर खाली ठेवा, वर तरंगता मळ अडवायला आडवी फळी.

रोज दुपारी रंग बघा. गर्द हिरवा असेल तर हात लावू नका. गुलाबी-जांभळी झाक आली तर भार किंचित जास्त झालाय, गंधकावर जगणारे जिवाणू वाढलेत. करडा-काळा रंग आणि सडक्या अंड्याचा वास म्हणजे शेवाळ हरलं. जोडीचं तळं असेल तर आवक तिकडे वळवून याला विश्रांती द्या. पाणी अचानक नितळ झालं तर खूश होऊ नका. काचेच्या ग्लासात घेऊन उजेडात धरा: टुणटुण उड्या मारणारे ठिपके दिसले तर पाणपिसवांनी (डॅफ्निया हे बारीक पाणकिडे) शेवाळ खाल्लंय आणि प्राणवायू उतरणार आहे. जलपर्णी आणि निळ्या-हिरव्या शेवाळाची साय मात्र काढायचीच, ती ऊन अडवते. सायीवर पाण्याचा फवारा मारला की ती फुटते.

पावसाळ्यात गटारातून पावसाचं पाणी तळ्यात येऊ देऊ नका, शेवाळ धुऊन जातं.

गाळ वर्षातून एकदा मोजा. लांब काठीला पांढरा टॉवेल गुंडाळा, सरळ तळापर्यंत सावकाश उतरवा, अर्धा मिनिट थांबा, हळू वर काढा. काळा डाग जिथपर्यंत, तिथपर्यंत गाळ. आवकेच्या तोंडाशी आधी मोजा, तिथेच तो सगळ्यात जाड असतो. मोजायला एकट्याने जाऊ नका. बांध निसरडा असतो.